यादीतला भाव

हिंगोलीत एसटी डेपोजवळ चाचांचं चपलांचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच ते भाव सांगतात, तोही हळू, शेजारच्याला ऐकू जाणार नाही असा. त्यांच्या ऑनलाइन दुकानाचं काम माझ्याकडं आहे. तिथल्या चपलांच्या यादीत मी मूळ भावच ठेवला होता, सवलतीचा मुद्दामच दाखवला नव्हता. चपलेचं पान उघडलं की तो दिसायचा. लोक आत येऊन रेंगाळतील, असं मला वाटलं होतं.

एकदा माझ्यासमोरच, चाचा दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतले असताना, एक बाई पायरीशी मोबाईलवर आमच्या यादीतली एक चप्पल बघत होती. "सहाशे जमत न्हाईत," असं सोबतच्या जावेला म्हणून ती निघाली. ती चप्पल सवलतीत साडेचारशेला होती. चाचा तिच्यामागं डेपोपर्यंत गेले, पण बस सुटली होती.

परत येऊन ते माझ्याजवळ बसले.

"कमी केलेला भाव यादीत काहून न्हाई?"

"उघडलं की दिसतो, चाचा."

"ज्याच्याजवळ पैसे कमी, तो उघडतच न्हाई, बाबा."

मी तिथंच सगळे सवलतीचे भाव यादीत आणले. चाचांनी एकेक वाचून बघितला.

"चुकून राहिलं असंल," म्हणत त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

मुद्दाम ठेवलं होतं हे न सांगता मी होकारार्थी मान हलवली.