लिंबावरची सावली

आमचे पंक्चरवाले काका तरुणपणी पुण्यात गोल्फच्या बड्या खेळाडूंच्या काठ्यांच्या पिशव्या वाहायचे, वारा पाहून दिशा सांगायचे आणि फटक्याआधी चेंडूवर सावली न पाडता मागे उभे राहायचे. तो विषय निघाला की हातातली ट्यूब तशीच राहते. "लाकडी डोक्याच्या काठ्या हुत्या तवा, सर! ठक्क! लोकांचा श्वास अडकायचा!"

"तुम्ही कधी मारलात?"

"न्हाई."

काल मला राहवेना. शेजारच्या रसवंतीतून ऊस आणि लिंबू आणलं. लिंबू मातीवर ठेवलं, ऊस त्यांच्या हाती दिला. "आज तुम्हीच मारा!"

काकांनी चिमूटभर माती उडवून वारा पाहिला, समोरची चिंच न्याहाळली. मग त्यांनी ऊस मलाच परत दिला.

"तुमी मारा, सर. चिंचेच्या डाव्या अंगानं."

आणि लिंबावर आपली सावली पडू नये म्हणून ते दोन पावलं मागे सरकले.