दुसरी गाठ

नगरच्या आमच्या लॅबमधून जुन्या बरण्या टाकून देता येतात, किस्से टाकता येत नाहीत. जामखेडच्या चंद्रकलाबाईंचे तर एकट्यांचेच कितीतरी.

*

ऑपरेशनात काढलेला भाग तपासायला नातेवाइकांनीच लॅबला पोचवायचं, ही आमच्याकडची रीत. बाई नवऱ्याच्या जठराची बरणी मांडीवर घेऊन शेअर रिक्षात बसल्या. शेजारच्यानं विचारलं, "मावशी, लोणचं काय?"

"न्हाई ओ. आमच्या मालकांचं पोट हाय."

पुढच्या चौकात रिक्षा रिकामी!

*

जठर कापायचं काम माझं. खालच्या टोकाला मोठा व्रण दिसला, तुकडे घेतले, सुरी धुवायला निघालो.

"झालं?" आमच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"झालं. कॅन्सर दिसतोय."

मॅडमनी हातमोजे चढवून जठराला चिकटलेली चरबी चाचपली. आत लिंबाएवढी दुसरी गाठ. "तुला एक सापडली की घरी जायची घाई होते," म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

स्लाईडमध्ये दोन्ही गाठींची जातच वेगळी. सर्जनचा फोन आला, "मॅडम, दोन पेशंटच्या स्लाईड मिसळल्यात तुमच्याकडे."

मला तीनदा नंबर तपासायला लावून मॅडम म्हणाल्या, "पेशंट एकच आहे, डॉक्टर. नशीब डबल."

*

मग स्कॅनमध्ये लिव्हरवर डाग निघाले. सुईनं काढलेला तुकडा आमच्याकडे आला. डाग पहिल्या गाठीतून पसरलेले असतील तर हातात फारसं काही नाही. दुसरीचे असतील तर गोळ्या आहेत, काही वर्षं मिळतील. सर्जननी बाईंना एवढं समजावलं होतं.

बाई रोज काउंटरवर यायच्या. "नवस बोललेय," एकदा म्हणाल्या. "लिवरात दुसरीच निघू दे म्हनून."

माझ्या हातून सुटलेली ती दुसरी मॅडमना सापडली नसती, तर लिव्हरचा तुकडा कुणी काढलाच नसता, डाग पहिलीच्या नावावर गेले असते आणि गोळ्या कुणी दिल्याच नसत्या. हे मी बाईंना कधी सांगितलं नाही. भीती वाटायची.

*

रिपोर्ट गेल्यावर चार दिवसांनी बाई पेढे घेऊन आल्या. नवरा बाहेर रिक्षात बसून होता, त्याला चालणं होत नव्हतं. "दुसराच कॅन्सर निघाला," म्हणत बाईंनी वेटिंगमधल्या सगळ्यांना पेढे वाटले. लोक पेढा हातात धरून नुसते बघत राहिले.

माझ्यापुढे त्यांनी दोन धरले. "जठर तुमीच कापलं म्हनं. एवढी लपलेली गाठ तुमीच हुडकली. लई उपकार झाले."

मी मॅडमकडे पाहिलं. मायक्रोस्कोपवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "खा."