वंदनाची प्लेट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगते, पण आधी थोडी फुशारकी मारू द्या. सिहोऱ्याच्या धानाच्या बांधीतून आलेली मी, आज कॉलेजात पेशी शिकवते. आणि चांगली शिकवते!

पेशी एकमेकींना कशा धरून राहतात, ठाऊक आहे? प्रत्येकीच्या अंगातून एक प्रथिन बाहेर डोकावतं, मण्यांच्या माळेसारखं. मण्यांच्या सांध्यांत कॅल्शियम बसलं की माळ ताठ होते आणि टोकाचा मणी शेजारणीच्या मण्याला धरतो. कॅल्शियम काढा — माळ लुळी, पकड सुटली. आमच्या प्रथिनात कोणता सांधा आधी ढिला पडतो, हे मी शोधलं. पीएचडी त्यावरच. अभिमान आहे मला, का नसावा?

पण हे सुचलं कुठून?

पीएचडीच्या वेळी प्रयोगशाळेत तुमसरची वंदना माझी जिवलग मैत्रीण. तिचे दोन प्रयोग फसलेले. हा तिसरा शेवटचा, असं आमच्या गाईड सरांनी तिला बजावलं होतं. त्यातच भावाचं लग्न निघालं. जाताना म्हणाली, "माझ्या पेशी तेवढ्या धुऊन देजो वो."

आमच्याकडे दोन द्रावणं, दोन्ही पाण्यासारखी, बाटल्याही सारख्याच. एक धुवायचं. दुसरं, पेशी ज्या प्लेटवर वाढवतो तिच्यावरून त्या सोडवायचं — ते कॅल्शियम ओढून घेतं. घाईत मी — हो, मीच — दुसरं ओतलं आणि चहाला गेले. परत येऊन पाहते तो पेशींचा सलग थर फुटलेला, एकेक पेशी सुटी होऊन तरंगतेय. तिनं महिनोन्‌महिने जपलेल्या पेशी!

सरांनी विचारलं. मी म्हटलं, "मी पाहिलं तेव्हाच सुटल्या होत्या."

वंदना परतल्यावर सर तिला म्हणाले, "तुझा हात या कामाचा नाही." मी शेजारीच उभी होते. खरं ओठांवर आलं नव्हतं का? आलं होतं. गिळलं. तिनं संशोधन सोडलं. मी मात्र त्या बिघडलेल्या प्लेटवरूनच माझा प्रश्न उचलला — आधी कोणता सांधा सुटला असेल?

परवा माझा सत्कार झाला. वंदना लेकीला घेऊन मुद्दाम आली होती. डोळे भरून माझ्याकडे बघत लेकीला म्हणाली, "मावशीसारखी होजो बाई. माझा तं हातच खराब होता."

मी हसले. खांद्यावरची शाल सावरली.

तिचा हात चांगला होता. प्लेट मी धुतली होती.