अकरा सह्यांचं घर

माझं घर ज्वारीत आहे. म्हणजे सातबारा तसं म्हणायचा. धाराशिवहून बेंबळीकडं जाणाऱ्या रस्त्याला जिथं माझं स्वयंपाकघर, मोरी आणि तुळस आहे, तिथं सरकारी कागदावर कित्येक वर्षं ज्वारी उभी होती. एका वर्षी अख्ख्या गल्लीत तूर लागली. तूर काढायला कधी येता, असं मी तलाठ्यांना विचारलंही. ते हसले नाहीत.

हा सगळा तुकडेबंदी कायद्याचा प्रताप. शेतजमिनीचे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून सरकारनं ठरवलं, ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायचाच नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई, जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेला. मला घरापुरती जागा हवी होती, एकर घेऊन मी काय करणार? दलालानं समजावलं, “बाई, गुंठा इकता येत न्हाय, पन एकर इकता येतंय. अकरा जनांनी मिळून एकर घ्यायचा. कायदाबी खूश, तुमीबी खूश.”

मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आम्ही अकरा अनोळखी माणसं बाकावर ओळीनं बसलो. एक एसटीचा कंडक्टर, एक कापडदुकानदार, एक वाशी तालुक्यातला ट्रॅक्टरवाला, बेंबळीच्या एक लिंगायत अक्का, असे कुठले कुठले. फोटो निघाले, अंगठे उमटले आणि आम्ही एका सातबाऱ्यावर आलो. सख्ख्या भावंडांची नावंही इतकी चिकटून नसतात. कुणाचा तुकडा कुठला हे आम्हाला आणि चुन्याच्या फक्कीला ठाऊक, कायद्याला अख्खं रान सगळ्यांचं. त्यामुळं कुणाला घर विकायचं झालं, तर घेणारा बाकीच्या दहाही जणांच्या सह्या मागायचा. मला त्याचं काही वाटलं नाही. विकायचं कुणाला होतं?

नवरा गेल्यावर मुलानं पुण्याहून विषय काढला. घर विकून टाक, आमच्याकडं ये, एकटी कशाला राहतेस. मुलगा वाईट नाही, हीच खरी अडचण. सून त्याहून चांगली. तिनं माझ्यासाठी खोली रिकामी करून पडदेसुद्धा लावले. वाईट असते तर दोन शब्दांत विषय तोडला असता. प्रेमानं बोलावणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, हे डीएडला शिकवत नाहीत. मी “बघू” म्हणाले. त्यानं ते “हो” धरलं आणि संमतीपत्र टाईप करून पाठवलं.

नऊ सह्या आठवड्यात झाल्या. ट्रॅक्टरवाल्यानं तर ट्रॅक्टरवरून न उतरताच केली. मला त्याचा राग आला. इतक्या वर्षांचा शेजार, निदान “कशाला जाता बाई” एवढं तरी विचारायचं.

दहावी सही राहिली शेजारच्या अक्कांची. अक्का सत्तरी ओलांडलेल्या, माझ्यासारख्याच एकट्या. गळ्यात लिंग, आणि पूजा झाल्याशिवाय चहाचा घोट नाही. निवृत्तीनंतर शिकवायला कुणी उरलं नाही म्हणून मी त्यांनाच सही करायला शिकवलं होतं. अंगठा सुटला त्या दिवशी त्यांनी बँकेत गरज नसताना आणखी दोन कागदांवर सह्या ठोकल्या होत्या. अशा अक्कांपुढं मी संमतीपत्र धरलं. पेन तेवढं घरी विसरले होते. त्यांच्या घरात शोधलं, मिळालं नाही. अक्कांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

“म्या न्हाय करायची सही.”

“का हो अक्का?”

“तुमच्या जागी कोन येईल कुनाला म्हाईत. मला न्हाय पटत.”

मी चांगली तणतणले. सही शिकवली मी आणि अडवणूकही माझीच. मुलाला फोन करून सांगितलं, अक्का अडून बसल्यात. फोन ठेवला आणि माझ्या ध्यानात आलं, की मी गुणगुणत भांडी घासते आहे. मला जायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकला तो इथं, घरमालकाला न विचारता. पण हे मुलाला सांगायची माझी छाती नव्हती.

पुढं दोन वर्षं दर रविवारी तो विचारायचा, “अक्का काय म्हणतात?” मी सुस्कारा सोडायची, “ऐकत नाहीत रे.” हळूहळू मी अक्कांना फारच खाष्ट करून टाकलं. एकदा तर त्यांनी मला दारातून हाकलल्याचं सांगितलं. तेव्हा त्या माझ्याच ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

आणि सरकारला आमची दया आली. तुकडेबंदी सैल झाली. वस्तीतले लहान तुकडे कायदेशीर होणार, ज्याचा तुकडा त्याच्या नावावर लागणार, कुणाची सही लागणार नाही. गल्लीत पेढे वाटले. कंडक्टरनं दुसऱ्याच दिवशी कुंपणाला खड्डे घेतले. मुलाचा फोन आला, “आई, सुटलीस एकदाची. रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो.”

मी पेढा घेऊन अक्कांकडं गेले. म्हटलं, “आता तुमच्या सहीचं काम राहिलं नाही.”

त्यांनी पेढा देवापुढं ठेवला. “मग अवघड झालं की तुमचं.”

“माझं?”

“सही मागाय आलात तवा कागद आनलात, पेन न्हाय आनलं. जलमभर मास्तरकी केलेल्या तुमी. म्हनलं, बाईस्नी जायचं न्हाय, पर तोंडातनं निघंना. म्हनून म्याच न्हाय म्हनलं. आता तुमचं तुमालाच म्हनावं लागंल.”

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. दोन वर्षं पोराला खोटं सांगत ज्यांची बदनामी केली, त्या माझा नकार स्वतःच्या अंगावर घेऊन बसल्या होत्या.

घरी येऊन मी मुलाला फोन लावला.

“तू ये,” म्हटलं, “गिऱ्हाईक आणू नकोस. एक सही राहिली आहे.”

“आई, अक्कांची सही आता लागतच नाही.”

“अक्कांची नाही रे. अकरावी माझी. ती मी करणार नाही.”