उपासाला चालणारा अर्क

नवरात्रात सातव्या माळेला पुतण्याचा फोन आला, "काकू, आईचा पाय सुजलाय." मी रजा टाकून करमाडला गेले. थोरल्या जाऊबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. नवरात्रभर अनवाणी राहायचा त्यांचा नेम. अंगठ्याखाली काटा रुतून जखम काळी पडली होती, आणि त्यांना दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणूनच मला धडकी भरली; त्यांना मधुमेह, आणि त्यात पायाची जाणीवच जाते.

"साखरेची गोळी घेताय ना?"

"उपासाला गोळी कशी चालंल?" त्यांनी कोनाड्यातून बाटली काढली. "ह्यो जांभूळ-आवळ्याचा अर्क घेते की. फळ चालतंय."

बाटलीवर 'उपवासास चालेल' असं छापलेलं होतं. सोबत शाबुदाण्याची खिचडी, रताळी आणि राजगिऱ्याचे लाडू दोन्ही वेळ सुरू होते.

मी औषधनिर्माण कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. जांभळाच्या बिया वाळवणं, दळणं, अर्क काढणं हे माझं रोजचं काम. नळीतल्या जांभळ्या रसायनात अर्क टाकला की रंग उतरून पिवळा होतो. अर्कात अँटिऑक्सिडंट आहेत, इतकंच त्यातून कळतं. साखर उतरते का, ते उंदरांवर बघतात. कधी उतरतेही. म्हणून माणसानं गोळी सोडावी, असं आमचे कुठलेच सर म्हणत नाहीत.

बाटली घेऊन मी बाहेर पडले; अर्क विकणारा गावातल्या देवीच्या मंडपातच टेबल मांडून बसला होता.

"यात अर्क किती आहे?" मी विचारलं.

"शंभर टक्के नैसर्गिक, ताई. कॉलेजात सिद्ध झालंय."

"कुठल्या कॉलेजात? आणि किती, ते विचारलं मी."

"ताई, श्रद्धा ठेवा."

"देवीवर आहे. तुमच्यावर कशाला ठेवू?"

रांगेतली एक बाई म्हणाली, "उपासाच्या दिवसात वादावादी नको बाई." तिच्या हातात दोन बाटल्या होत्या. तशीच घरी परतले. मी जाऊबाईंना गाडीत घातलं आणि शहरात दवाखान्यात आणलं.

साखर भयंकर वाढली होती. अंगठा काढावा लागला. साखर आटोक्यात राहिली तरच पाय वाचेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

दसरा वॉर्डातच गेला. दुसऱ्या दिवशी एकादशी. इन्सुलिनची सुई त्यांनी मुकाट घेतली, ती तोंडातून जात नाही म्हणून. जखमेची गोळी मात्र मुठीत धरून बसल्या.

"आज एकादस हाय. उद्या घेते."

"पाप लागलं तर माझ्या नावावर. गिळा."

"तुझ्या नावावर काय आधीच कमी हाय?"

"असू द्या. गिळा."

त्यांनी माझ्याकडं बघत गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या आणि भिंतीकडं तोंड केलं. मी त्यांना वळवलं, तोंड उघडायला लावलं आणि जिभेखाली बघितलं.