कुस्ती खरी असते

टीव्हीवरची ती परदेशी फ्री-स्टाइल कुस्ती शंभर टक्के खरी असते, असं ठणकावून सांगणारी सत्तरी ओलांडलेली बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. अकोल्याला डाबकी रोडवर, आमच्याच गल्लीत राहायच्या त्या. बेबीकाकू. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, रिटायर झाल्या आणि घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या. गल्लीतली पोट्टी एकमेकांना खांद्यावर उचलून आपटायला निघाली की काकू तिथूनच गरजायच्या. मग जवळ बोलावून सांगायच्या, "खरं असते ते सारं. हाडं मोडतात. मानूस जल्माचा पांगळा होते. टीव्हीवाले दाखवत नाईत, इतकंच." पोरं तोंड दाबून हसायची. आताची पोरं ती, मोबाइल हातात घेऊनच जन्मलेली. एकाने सांगून पाहिलं की आजी, हे सगळं आधी ठरलेलं असते, तर काकूंनी त्याला असा काही झापला की त्याची आई भांडायला आली. काकू तिच्याशीही भांडल्या.

बाकी सगळ्या बाबतीत बाई अशी चोख की शेजारीपाजारी जमिनीच्या मोजणीपासून लग्नाच्या स्थळापर्यंत त्यांचा शब्द प्रमाण मानायचे. खोटं बोलणाऱ्याची त्यांना भयंकर चीड. आणि ह्याच बाई कुस्तीचा विषय निघाला की अडून बसायच्या. गल्लीने शेवटी ठरवून टाकलं की म्हातारपणी माणसाचं असं एखादं बटण बिघडतं. मीही तेच धरून चाललो होतो. तेव्हाच थोडं डोकं चालवलं असतं तर बरं झालं असतं.

मी नोकरीला अमरावतीत. आई अकोल्याला, म्हणून रविवारी बडनेऱ्याला गाडी धरायची, मूर्तिजापूर मागे पडलं की सलीमला फोन लावायचा. सलीम माझा लहानपणापासूनचा दोस्त, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुपारी जेवण आटोपून आम्ही दोघे काकूंकडे जायचो. सलीम कुठून कुठून जुन्या कुस्त्या शोधून आणायचा आणि त्यांच्या टीव्हीला जोडून द्यायचा. काका, म्हणजे काकूंचे यजमान, वारले तेव्हा काकूंना घर खायला उठलं होतं. त्यांचं मन रमावं म्हणून सलीमने हे सुरू केलं, आणि मग आम्हा तिघांनाही त्याची चटक लागली.

त्या पैलवानांची इंग्रजी नावं लहानपणी आमच्या जिभेवर चढत नव्हती, म्हणून गल्लीने बारसं केलं होतं. पिवळ्या केसांचा तो भुऱ्या. पहाडासारखा तो डोंगऱ्या. त्या दोघांची लोखंडी पिंजऱ्यातली कुस्ती आम्ही किती वेळा पाहिली असेल, आणि दरवेळी भांडण तेच. सलीम भुऱ्याच्या बाजूचा. मी म्हणायचो, अरे, डोंगऱ्या एवढं धूड घेऊन असा पडतो म्हणून तुझा भुऱ्या मोठा दिसतो. सलीम व्हिडिओ हळू करून दाखवायचा, पाहा काकू, बुक्की गालाला लागलीच नाही, आवाज पायाचा आहे, पाय आपटला त्याने. काकू म्हणायच्या, "तुह्या डोळ्यात मोतीबिंदू पडला सलीम. मारनाऱ्याकडं काय पाहून राहिला? पडनाऱ्याकडं पाहाय." आणि चहा ठेवायला आत निघून जायच्या.

कुस्तीचं वेड लावलं ते काकूंनीच. गल्लीत पहिलं केबल त्यांच्याकडे आलं. संध्याकाळी आम्ही दहाबारा पोरं त्यांच्या फरशीवर दाटीवाटीने बसायचो, आणि आमच्या मागे सुपात तूर घेऊन बाई बसलेल्या. निवडलेले खडे पुन्हा तुरीतच पडायचे, कारण नजर पडद्यावर. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या द्यायचा. काका कापसाच्या जिनिंगमधून घरी आले की स्वतःच उठून गॅस बंद करायचे. "घे बाप्पा त्याले, घे, सोडू नको," असं काकू पुटपुटायच्या, तेव्हा त्या आमच्या शाळेतल्या बाई वाटायच्याच नाहीत.

एका संध्याकाळी भुऱ्याचं कपाळ फुटलं आणि तोंडभर रक्त वाहिलं. सगळी पोरं घरी गेली, मी मात्र काकूंच्या दाराशी हमसून हमसून रडत बसलो. भुऱ्या मरणार, असं मला अगदी खात्रीने वाटत होतं. काकूंनी मला जवळ घेतलं, पदराने नाक पुसलं आणि कानात सांगितलं की त्यांना लागत नाही रे राजा, ते शिकलेले असतात, कोणी कुठे पडायचं ते दोघांनी आधीच ठरवलेलं असतं, तो आता घरी जाऊन मस्त जेवत असेल. इतकं बरं वाटलं मला. हे मोठं गुपित फक्त मलाच कळलं, असं वाटून मी ते कोणाला सांगितलंही नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, उन्हाळ्यात, काकूंनी अंगणात कापसाच्या गाद्या वाळत टाकल्या होत्या. मी जिन्याच्या कठड्यावर चढलो, दोन्ही हात पसरले आणि भुऱ्यासारखी उडी मारली. अर्धा गादीवर पडलो, अर्धा फरशीवर. डाव्या कोपराचं हाड असं मोडलं की दोन ऑपरेशनं होऊनही हात आजवर सरळ होत नाही. काकूंनी त्याच आठवड्यात केबल काढून टाकलं.

आता माझी गंमत ऐका. त्या हाताचा मला फारसा त्रास नाही. उलट कॉलेजात, ऑफिसात मी त्याचा किस्सा करून सांगायचो. रविवारी काकूंच्या घरी चहाचा कप उचलतानाही मी तो वाकडा हात पुढे करायचो आणि म्हणायचो, हे बक्षीस काकूंचं बरं का सलीम. सलीम हसायचा. मी हसायचो. काकू बिस्किटांचा डबा आणायला उठायच्या. डबा त्यांच्या पुढ्यातच असायचा कधी कधी, तरी उठायच्या. मला लेकाला एकदाही काही दिसलं नाही.

दिसलं ते असं. एका रविवारी सलीम दुकानाचा फोन आला म्हणून बाहेर गेला होता. पडद्यावर पिंजऱ्यातलीच कुस्ती. डोंगऱ्याने भुऱ्याचं मनगट धरलं, आणि काकू स्वतःशीच बोलून गेल्या, "हात दाबला त्यानं. आता उचलते." पुढच्या क्षणी डोंगऱ्याने भुऱ्याला डोक्यावर उचललं. मी काकूंकडे वळून पाहिलं. फेकणारा ज्याला फेकायचं त्याला मनगट दाबून आधी इशारा देतो, हे सलीमलाही ठाऊक नव्हतं. काकूंनी ते नेमकं हेरलं होतं, आणि कधीपासून हेरत असतील कोण जाणे. मी म्हटलं, काकू, म्हणजे तुम्हाला अजूनही सगळं कळतं की. मग सगळ्या गल्लीशी भांडता कशाला? लोक हसतात तुम्हाला.

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग टीव्हीचा आवाज बारीक केला.

"तू खाली पडला तवा काय बोलला, आठवते का तुले?"

मला आठवत नव्हतं.

"आई गं म्हणला नाई. रडला नाई. म्हणला, काकू, तुमी तं म्हणे लागत नाई. इतकंच बोलला तू, गजू. तुही आई आली, काका रिक्षा घिऊन आले, तरी तू माह्याकडंच पाहून राहिला होता. बाकीचे पोट्टे खरं समजत होते, म्हनून भेत होते. त्यायचे हात शाबूत राहिले. एका लेकराले मी खरं सांगतलं, अन् त्याचाच हात गेला. हसू दे लोकायले. कोन्या पोराचं हाड तं मोडत नाई."

तेवढ्यात सलीम आत आला आणि म्हणाला, काय काकू, डोंगऱ्याने आपटला तेव्हा भुऱ्याचा पाय खरंच मोडला होता का? काकू लगेच गरजल्या, "मंग काय खोटा मोडला?" आणि मी तिथे मान खाली घालून बसलो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. इतकी वर्षं ही बाई हे एकटी उरावर घेऊन बसली, आणि मी चहा पिताना तिलाच तो हात दाखवून हसत होतो. त्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसून दोन शब्द बोलायला हवे होते. गाडीची वेळ झाली म्हणून निघून आलो. पुढचे रविवारही असेच गेले. एक मात्र झालं, मी हाताची थट्टा बंद केली. तेवढ्याने काय होणार?

मागच्या पावसाळ्यात काकू गेल्या. अकोल्याच्या घरी सगळे जमले तेव्हा सलीमने रडत रडत त्यांची आठवण सांगितली, की शेवटपर्यंत कुस्ती खरीच मानत होत्या, इतक्या भोळ्या. लोक प्रेमाने हसले. भोळ्या! मला ओरडून सांगावंसं वाटलं की तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं त्यांना. पण दारात त्यांच्याच गल्लीतली पोरं उभी होती. मी गप्प बसलो.

त्याआधीची एक सकाळ सांगायची राहिली. काकूंचं हृदय थकलं होतं, म्हणून मुलीने त्यांना अमरावतीला आपल्याकडे आणलं होतं. मी ऑफिसला जाण्याआधी डोकावून जायचो. त्या दिवशी मुलगी अंघोळीला गेली होती. काकूंनी मला खुर्ची पलंगाजवळ ओढायला लावली आणि माझा डावा हात आपल्या हातात घेतला. कोपराच्या वळणावरून बोट फिरवलं, गणिताच्या बाईंनी कोन तपासावा तसं.

"एक इचारू का, खरं सांगजो. माह्या बोलन्यानंच उडी मारली होती नं तू?"

मी हे उत्तर मनात कितीदा तयार केलं होतं. म्हटलं, नाही हो काकू. सलीमने पैज लावली होती. तुम्ही काय बोललात ते माझ्या डोक्यातही नव्हतं.

त्यांचं बोट कोपराच्या वळणावर थांबलं.

"सलीम त्या दिवशी मूर्तिजापूरले गेल्ता," त्या म्हणाल्या. "मामाच्या घरी. तिसऱ्या दिवशी आला अन् तुले पाहून रडला. मले सारं याद हाय."

मी हात सोडवून घ्यायला पाहिलं, जमलं नाही.

"खोटं बोलून राहिला तू."

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले. आता झोपल्या असं वाटून मी उठणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात जरा घट्ट धरला.

"पुन्हा बोल," त्या म्हणाल्या. "सलीमचं राहू दे. नुसतं तेवढंच बोल."

मी पलंगावर वाकलो आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, "काकू, तुमच्यामुळे नाही पडलो मी."

"हं," त्या म्हणाल्या. "अजून एकदा."