फोटो काढणारा कुठं व्हता?

आमच्या ह्यांना गाव सांडूमामा म्हणतं. सारा जन्म मेंढरात गेला, आन् म्हातारपणी ह्या माणसाला फोटोचं येड लागलं. येड म्हणजे बिलकुल येड!

झालं असं, आमची वर्षाराणी जाफराबादला कॉलेजात शिकती. तिथं फोटोंची स्पर्धा झाल्ती, बक्षिसाचे फोटो भिंतीला लावल्ते. पोरीनं बापाला दाखवायला नेलं. पहिल्या नंबरचा फोटो मेंढरांचाच. धूळ उडालेली, मागून ऊन, आन् मेंढरं सरळ अंगावर येऊन राह्यलेली. हे त्याच्यापुढून हलंनातच म्हणं. घरी आल्यावर मी भाकर वाढली, तर भाकरीला हात न्हाई.

"प्रेमला, तो फोटो काढणारा कुठं व्हता गं? तुडवला कसा न्हाई गेला?"

"मला काय इचारता? मी व्हते का तिथं?"

पण खरं सांगते, भांडे घासताना माझ्याबी डोक्यात तेच. झाडावर आसंल? गाडीत आसंल?

ह्यांचे गुडघे गेलेले. रानोमाळ फिरणं होईना, म्हणून मेंढरं इकायचं ठरल्तं. सोमवारी व्यापारी टेम्पो घेऊन येणार व्हता. हे म्हणले, "जायच्या आधी तसा एक फोटो मला पाह्यजे. मंग खुशाल नेऊ द्या."

पोरीचा मोबाईल घेऊन हे दगडावर चढले, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर चढले. फोटोत नुसत्या पाठीच पाठी! एक दिवस एकदम ओरडले, "आगं, तो पालथा पडला व्हता! मेंढराच्या डोळ्याला डोळा तिथूनच भिडतो." आन् लगेच वाटंत पालथे. ह्या गुडघ्यांनी!

पण मेंढरांना सवय ह्यांच्या मागं चालायची. मालक आडवा पडला, तशी समदी थांबली. म्हातारी काळी मेंढी तेवढी पुढं आली आन् ह्यांचा कान हुंगायला लागली. फोटोत काय आलं? नाक! मी हसून हसून खाली बसले.

हे तापले. "दात काय काढती? माझी घोंगडी घे, काठी घे आन् मेंढरं घेऊन ये माझ्याकडं."

मी कायम मागं चालणारी, कोकरं सांभाळत. पुढं कधी झालेच न्हाई. पण घेतली घोंगडी खांद्यावर, ह्यांच्यासारखी हाळी दिली, आन् चालली की मेंढरं! धूळ उडाली, ऊन पाठीमागं, हे मातीत.

घरी येऊन फोटो बघितला. बराबर तसाच! मी पुढं, घोंगडीत, मागं सारी मेंढरं. बघता बघता माझ्या ध्यानात आलं. हाळी माझी, काठी माझ्या हातात, पण माझ्याकडं एक मेंढरू बघत न्हाई.

"आवं, बघा तरी," मी म्हणले, "समदी खाली तुमच्याकडंच बघून राह्यलीत."

हे बघत राह्यले. मंग मोबाईल छातीशी धरला आन् रडले. मलाबी राहवलं न्हाई.

वर्षाराणी म्हणली, "आबा, स्पर्धेत पाठवू." हे म्हणले, "न्हाई. ह्यो घरचा हाय."

सोमवारी मेंढरं गेली. फोटो भिंतीला हाय. येणारा जाणारा इचारतो, "मामी, ह्याच्यात तुम्हीच दिसता. मामा कुठायत?"

मी म्हणते, "मेंढरांच्या डोळ्याकडं बघा. ती जिकडं बघून राह्यलीत ना, तिथं हायेत ते."